उसनें अवसान

मोटारीच्या धुराड्यांतून बाहेर पडणाऱ्या धुराकडे आदरानें पाहणारा गृहस्थ अद्याप माझ्या पाहण्यांत आलेला नाहीं. रस्त्यानें चालणारा माणूस नाकाला रुमाल लावतो, मागल्या गाडींतला प्रवासी कांच वर चढवितो, आणि कवि या धुराला शहराच्या पापाची उपमा देऊन मोकळा होतो. परंतु हिशेबी माणसानें त्याच्याकडे पाहून हळहळावें असें त्यांत पुष्कळ आहे. पेट्रोलवर आपण जो पैका खर्च करतों त्यांतला ढोबळ मानानें तिसरा हिस्सा या धुराबरोबर उष्णतेच्या रूपानें वाऱ्यावर जातो. जवळजवळ तितकाच रेडिएटरचें पाणी तापविण्यांत खर्ची पडतो. आणि जो तिसरा हिस्सा उरतो त्यांतून, कधीं त्याहूनहि कमी भागांतून, गाडी चालते. रुपयांतले दहा आणे वाटेंत सांडून सहा आण्यांची भाजी घरीं आणणारा गडी आपण दुसऱ्या दिवशीं कामावर ठेवणार नाहीं. इंजिनाला मात्र आपण शंभरांहून अधिक वर्षें पोशीत आलों आहोंत.

या सांडलवंडीची चुटपुट ज्यांना लागली त्यांत आल्फ्रेड ब्यूखी हा स्विस इंजिनियर अग्रगण्य होय. बाहेर जाणाऱ्या धुराच्या झोतावर एक लहान चाक फिरवावें, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक चाक बसवावें, आणि त्या दुसऱ्या चाकानें बाहेरची हवा दाबून इंजिनाच्या मुखांत कोंबावी, ही कल्पना त्यानें १९०५ सालीं पेटंटाच्या रूपानें नोंदविली. हवा अधिक म्हणजे तिच्यांत जाळतां येणारें इंधन अधिक, आणि इंधन अधिक म्हणजे शक्ति अधिक. सांगावयास दोन वाक्यांची ही गोष्ट सिद्ध करून दाखविण्यास मात्र त्याला सुमारें वीस वर्षें लागलीं. १,७५० अश्वशक्तीचीं जहाजी इंजिनें २,५०० अश्वशक्ति देऊं लागलीं तेव्हां जगाची खात्री पटली. टर्बोचार्जर असें भारदस्त नांव असलें तरी मला हें यंत्र स्वभावानें अगदीं आपल्या घरांतलें वाटतें. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणारी आजी आणि शिळ्या भाताला फोडणी देणारी गृहिणी यांच्या पंक्तीला बसावयास त्याला कांहींच हरकत नसावी.

माझी या यंत्राशीं ओळख झाली ती पुस्तकांतून नव्हे. माझी उभी नोकरी रेल्वेच्या डिझेल शेडमध्यें गेली. डब्ल्यू. डी. एम. २ या जातीचीं, सोळा सिलिंडरांचीं नि २,६०० अश्वशक्तीचीं इंजिनें आमच्या हातांखालून जात. त्या काळीं पुणें-मिरज मार्गावर प्रवास केलेल्या वाचकांना आठवत असेल, कीं गाडी स्टेशनांतून हलतांना इंजिन प्रथम काळ्या धुराचा भला मोठा लोट सोडी, आणि थोड्या वेळानें तो लोट विरळ झाला म्हणजे मग गाडी खरा वेग घेई. त्या लोटाचा अर्थ आम्ही शेडमधलीं माणसें जाणत असूं. ड्रायव्हरनें इंधन वाढविलेलें असे, पण टर्बोचें चाक अद्याप वेगांत आलेलें नसे. इंधन आलें आणि हवा आली नाहीं, म्हणून तो धूर. बळ मागणें आणि बळ मिळणें यांच्यामध्यें एक अवकाश असतो, हें टर्बोचें पहिलें लक्षण मीं तेथें पाहिलें. दुसरें लक्षणहि तेथेंच पाहिलें. टर्बो सहसा एकटा मरत नाहीं. त्याचें बेअरिंग गेलें कीं तेल जातें. चाकाचा तुकडा उडाला तर तो इंजिनाच्या वाटेला लागतो. एका अवयवाचें दुखणें सबंध देहाला भोंवतें.

निवृत्तीनंतर हें ज्ञान पेटींत बंद करून ठेवण्यासारखेंच होतें. पण दोन वर्षांपूर्वीं आम्ही उभयतां धाकट्या मुलीकडे, अमेरिकेंत डेन्व्हर येथें, सहा महिने राहावयास गेलों आणि ती पेटी उघडावी लागली. मुलगी एकटी राहते. आदल्या वर्षीं ती होती त्या कंपनींत नोकरकपात झाली. चार महिने घरीं बसल्यावर दुसरी नोकरी मिळाली, ती कमी पगाराची. कामावर जाण्यायेण्याचें तिचें वाहन एकच : १९९४ सालची माझदा मियाटा, दोन माणसांची, कापडी छपराची, लालचुटूक गाडी. या जातीची पहिली गाडी १९८९ मध्यें शिकागोच्या प्रदर्शनांत लोकांपुढें आली आणि २०१६ पर्यंत तिची संख्या दहा लाखांवर गेली. त्यामुळें तिचे भक्त पुष्कळ आणि तिच्यासाठीं मिळणारें जोडसामानहि पुष्कळ. चांगल्या दिवसांत मुलीनें या गाडीला टर्बो बसविण्यासाठीं ३,५०० डॉलर बाजूला टाकले होते. नोकरी नव्हती त्या चार महिन्यांतहि तिनें त्या पैशांना हात लावला नव्हता. एके दिवशीं जेवतांना तिनें सरळच विचारलें, "बाबा, एवढ्या पैशांत कुठलं किट घेऊं? तुम्ही सांगाल तें घेईन."

मुलें मोठीं झालीं म्हणजे सल्ला विचारीत नाहींत, निर्णय कळवितात. आमच्या घरीं तरी गेलीं पंधरा वर्षें तसेंच चाललें होतें. त्यामुळें या प्रश्नानें मी सुखावलों आणि घाबरलोंहि. "नको" म्हणून सांगणें सर्वांत सोपें होतें. गाडी बिघडली तर दुसऱ्या दिवशीं कामावर जाण्यास साधन नाहीं, आणि नव्या नोकरींत उशिराला क्षमा नाहीं. पण जिनें टंचाईच्या दिवसांत ती ठेव जपली, तिला "हें खूळ सोड" असें सांगण्याचा अधिकार आपल्याला आहे, असें माझ्या मनाला पटेना. तेव्हां वही उघडून हिशेबाला बसलों.

हिशेबाचा पहिला आंकडा हवेचा. डेन्व्हर शहर समुद्रसपाटीपासून बरोबर एक मैल, म्हणजे ५,२८० फूट उंच आहे. आपल्या महाबळेश्वराहूनहि उंच. समुद्रकांठीं हवेचा दाब दर चौरस इंचास १४.७ पौंड असतो, तो तेथें सुमारें १२.२ पौंडच भरतो. माणसाला चार दिवस धाप लागते आणि मग संवय होते. इंजिनाला संवय होत नाहीं. त्याच्या प्रत्येक श्वासाचा सहावा हिस्सा कमीच राहतो. याच शहराच्या दक्षिणेस पाइक्स पीक नांवाचें चौदा हजार फुटांवरचें शिखर आहे. तेथें १९१८ सालीं सॅनफर्ड मॉस या इंजिनियरानें विमानाचें एक लिबर्टी इंजिन चढवून नेलें आणि टर्बोची परीक्षा घेतली. विरळ हवेंत त्या इंजिनाची शक्ति एक-तृतीयांश घटत होती. टर्बो लावतांच ती समुद्रसपाटीवर होती तितकी परत आली. हें वाचल्यावर मुलीच्या हौसेकडे मी थोड्या निराळ्या नजरेनें पाहूं लागलों. उंचीनें कापून घेतलेला पगार वसूल करण्याचा हा मार्ग होता. त्यांत चैन होती, पण निव्वळ चैन नव्हती.

आतां दुसरा आंकडा. किट घेतांना लोक टर्बो किती मोठा आहे हें आधीं विचारतात. विचारावी ती इंजिनाची भूक. मियाटाचें हें इंजिन १,८३९ घनसेंटिमीटरचें. दोन फेऱ्यांत तें एकदां पोटभर श्वास घेतें. मिनिटाला ६,५०० फेऱ्या धरल्या तर ३,२५० श्वास, म्हणजे सुमारें ६,००० लिटर हवा. समुद्रकांठीं या हवेचें वजन ७.२ किलो, जवळजवळ सोळा पौंड. पण घाईच्या श्वासांत छाती पुरी भरत नाहीं. शेंकडा पंचाऐशीं धरूं, म्हणजे साडेतेरा पौंड झाले. मिनिटाला एक पौंड हवा म्हणजे साधारण दहा अश्वशक्ति, असा जाणत्यांचा आडाखा आहे. त्यानें १३५ येतात. कारखान्यानें छापलेला आंकडा १२८. आडाखा विश्वासाचा ठरला. डेन्व्हरमध्यें हवा अकरा पौंड आणि शक्ति ११०. या इंजिनांतले मूळचे कनेक्टिंग रॉड दोनशे-सव्वादोनशे अश्वशक्तीपर्यंत तग धरतात, पुढें वांकतात, असा ही गाडी हाताळणाऱ्यांचा अनुभव आहे. म्हणून आम्ही १८० वर रेघ ओढली. त्यासाठीं मिनिटाला अठरा पौंड हवा पुरे, आणि तेवढ्यासाठीं नऊ पौंडांच्या आसपास जादा दाब पुरे.

ही रेघ ओढतांच बाजारांतला अर्धाअधिक माल आमच्या दृष्टीनें बाद झाला. चाळीस पौंड हवा देणारा टर्बो दिसतो भव्य, आणि पुष्कळदां किंमतहि फारशी अधिक नसते. पण त्याचें जड चाक फिरविण्यापुरता धूर या लहान इंजिनांतून निघेपर्यंत चौकांतला दिवा पुन्हां तांबडा होईल. मिरज मार्गावरचा तो काळा लोट मला आठवला. चांगला कारखानदार आपल्या प्रत्येक टर्बोचा एक नकाशा प्रसिद्ध करतो. किती हवा, किती दाब आणि त्या ठिकाणीं चाक किती कार्यक्षम, हें त्यांत डोंगराच्या नकाशावरील उंचीच्या रेषांप्रमाणें दाखविलेलें असतें. आपलें इंजिन त्या डोंगराच्या माथ्याजवळ चालावें, कडेला नव्हे, एवढेंच पाहावयाचें असतें. ज्या मालाला नकाशाच नाहीं त्याची पारख कशाच्या आधारें करावी, हें मुलीला मला निराळें सांगावें लागलें नाहीं.

परंतु मोह नकाशाला विचारून येत नाहीं. संगणकाच्या पडद्यावर नऊशें डॉलरांत एक "संपूर्ण" किट दिसत होतें. टर्बो, धुराचा मॅनिफोल्ड, इंटरकूलर, चकचकीत नळ्या, निळ्या रबरी जोडण्या, सर्व एका खोक्यांत. जाणत्या कारखान्यांच्या किटांची किंमत पांच-सहा हजारांच्या घरांत. सौ. नें दोन्ही चित्रें चष्मा लावून पाहिलीं आणि म्हणाली, "अहो, दोन्हीकडे नळ्या तर सारख्याच दिसताहेत. मग हे एवढे जास्तीचे कशाचे?" प्रश्न भाबडा नव्हता. मोटारींत आयुष्य घालविलेले लोकहि नेमके याच प्रश्नाशीं अडतात.

जास्तीचे पैसे असतात ते चित्रांत न दिसणाऱ्या गोष्टींचे. हवा वाढली कीं त्या प्रमाणांत इंधनहि वाढलें पाहिजे. तें मूळच्या लहान इंजेक्टरांना झेपत नाहीं. ठिणगी किंचित् उशिरां पडली पाहिजे. १९९४ सालच्या गाडीचा मेंदू तें जाणत नाहीं, कारण टर्बो नांवाची वस्तु त्याला शिकविलेलीच नाहीं. हवेंत इंधन कमी पडलें किंवा ठिणगी लवकर पडली, तर शेवटचें मिश्रण ज्वाला पोंचण्याच्या आधींच आपोआप भडकतें. कानाला ऐकूं येतो तो लहानसा टकटक आवाज. पिस्टनला तो हातोड्याचा घाव असतो. डेन्व्हरमध्यें तर आणखी एक गंमत आहे. तेथील पंपांवर साधें पेट्रोल ८५ ऑक्टेनचें मिळतें, कारण विरळ हवेंत साध्या इंजिनांना तें चालून जातें. टर्बो लावला कीं इंजिनापुरती ती उंची संपली. मग ९१ ऑक्टेनचें महाग पेट्रोल भरणें आलें. तीं सहा महिन्यांचीं पावतीं पाहून जादा खर्च काढा, असें मीं सांगितलें, आणि तोहि आंकडा वहींत चढला.

या बाबतींत जुन्या काळचें एक उदाहरण बोधप्रद आहे. १९६२ मध्यें अमेरिकेंत ओल्ड्समोबिल जेटफायर नांवाची गाडी निघाली. कारखान्यांतूनच टर्बो घेऊन आलेल्या पहिल्या दोन गाड्यांपैकीं ती एक. तिच्या इंजिनांत मिश्रण आधींच पुष्कळ दाबलें जात असे, त्यांत टर्बोची भर. तेव्हां हा अकालीं भडका टाळण्यासाठीं पाणी आणि मद्यार्क यांचें मिश्रण आंत फवारण्याची योजना केलेली होती. मालकानें करावयाचें काम इतकेंच, कीं त्या मिश्रणाची टांकी भरलेली ठेवावयाची. पुष्कळांनीं तें केलें नाहीं. टांकी कोरडी पडली कीं इंजिनाच्या रक्षणासाठीं टर्बोचा दाब आपोआप बंद होई, आणि मालक गाडी मंद चालते म्हणून तक्रार घेऊन येत. शेवटीं कित्येक गाड्यांचा टर्बो काढून साधें इंजिनच करून देण्यांत आलें, आणि दोन वर्षांत तें प्रकरण आटोपलें. यंत्रांत बुद्धि होती. निगा राखणारा तिच्या तोडीचा मिळाला नाहीं.

मग आम्ही खर्चाची यादी केली. नवा संगणकी मेंदू, नऊशें डॉलर. धुरांतला प्राणवायु मोजून मिश्रण बरोबर आहे कीं नाहीं हें सांगणारा मापक, दोनशें. मोठे इंजेक्टर, अडीचशें. तीस वर्षांच्या रेडिएटरच्या जागीं नवा, अडीचशें. वाढलेली ओढ सोसणारा क्लच, चारशें. हे झाले दोन हजार. ओतीव लोखंडाचा चांगला मॅनिफोल्ड आणि त्याखालचा धुराचा नळ, सातशें. इंटरकूलर व नळ्या, साडेतीनशें. तेलापाण्याच्या जोडण्या, दीडशें. हे बाराशें. शेवटीं कुशल माणसाकडून मेंदूची जुळणी करून घेण्याची मजुरी, चारशें. एकूण ३,६००. म्हणजे ३,५०० चा संकल्प शंभर डॉलरांनीं ओलांडला, आणि यादींत टर्बो अजून आलेलाच नव्हता! लग्नाच्या याद्या केलेल्या कोणाहि गृहस्थाला याचा विस्मय वाटूं नये. आहेर, मांडव, भटजी, वाजंत्री यांची बेरीज पुरी होते, आणि मग कोणीतरी आठवण करतो, कीं मंगळसूत्र राहिलें.

नामांकित कारखान्याचा नवा टर्बो हजाराचा. तो धरला तर ४,६००. उलट तें नऊशेंचें खोकें घ्यावें आणि त्यांत नसलेला मेंदू, मापक, इंजेक्टर, क्लच, रेडिएटर नि जुळणी यांवर चोवीसशें खर्चावे, तर ३,३०० मध्यें काम होतें आणि दोनशें उरतात. मुलीचा कल या दुसऱ्या वाटेकडे झुकूं लागला, आणि तिची बाजू लंगडी मुळींच नव्हती. "मेंदू चांगला घेतेच आहे ना मी? टर्बो गेला तर गेला. तोच तर सगळ्यांत स्वस्त भाग. दुसरा आणून लावीन," ती म्हणाली.

मी म्हणालों, "बाई, शेडमध्यें मीं काय पाहिलें तें सांगतों." टर्बोचें लहान चाक मिनिटाला लाखाहून अधिक फेऱ्या करतें. धुराकडची बाजू आठ-नऊशें अंश सेंटिग्रेडपर्यंत तापते, आणि दोन बोटांवरच हवेकडची बाजू थंड ठेवावयाची असते. मधला दांडा तेलाच्या पातळ पापुद्र्यावर तरंगतो. त्या वेगाला तोल रतिभर चुकला तरी बेअरिंग खलास होतें. पातळ नळ्यांच्या हलक्या मॅनिफोल्डला उष्णतेनें चिरा जातात. मियाटाच्या बाबतींत तर टर्बो धरून ठेवणाऱ्या खिळ्यांचे आंटे तापून तापून सैल होतात, म्हणून जाणते लोक इन्कोनेल या उष्णतारोधक धातूचे खिळे वापरतात. टर्बो स्वस्त असेल. पण तो मोडतांना जें बरोबर नेईल तें स्वस्त नसतें. "आणि तो मोडेल तेव्हां," मी म्हणालों, "तूं कामावर निघालेली असशील."

ती गप्प राहिली. नंतर दोन दिवसांनीं तिनेंच तिसरी वाट काढली. स्वीडनची साब कंपनी टर्बोच्या गाड्यांबद्दल नांवाजलेली होती. २०११ मध्यें तिचें दिवाळें निघालें. तिच्या कित्येक गाड्यांवर गॅरेट कारखान्याचा टी-२५ नांवाचा छोटा टर्बो असे. त्या गाड्या आतां भंगारांत निघतात, आणि त्यांच्यावरचा तो टर्बो आमच्या अठरा पौंडांना अगदीं बेताचा बसणारा. भंगारवाल्याकडून एक आणून, उघडून, बेअरिंग नि सील नवे घालून साडेतीनशेंत पडला असता. एकूण ३,९५०. प्रश्न आतां नव्या नकलेचा कीं जुन्या अस्सलाचा, एवढाच उरला, आणि त्याचें उत्तर आमच्या घरांत तांब्याच्या जुन्या बंबानें केव्हांच देऊन ठेवलें आहे. आम्ही दोघांनीं भंगारांत जाऊन चार टर्बो हातांत घेऊन पाहिले. दांडा आडवा किंचित् हलला तर चालतो, कारण तेलाच्या पापुद्र्याची ती जागा असते; पण लांबीच्या दिशेनें पुढेंमागें हललेला बोटाला जाणवला तर तो टाकावा. तीन टाकले, चौथा घेतला.

राहतां राहिली साडेचारशें डॉलरांची तूट, आणि तिच्यावरील तोडगा हाच मला या सर्व प्रकरणांतला सर्वांत मोलाचा भाग वाटतो. पैशाची उणीव वेळानें भरून निघते. मात्र कामें योग्य क्रमानें केलीं पाहिजेत. साधारणतः माणूस टर्बो प्रथम घेतो, कारण मन त्यांत गुंतलेलें असतें. मग उरल्या पैशांत उरलेलें भागवतो. आम्हीं क्रम उलटा धरला. प्रथम, एक पैसाहि खर्च न करतां, इंजिनाची नाडी पाहिली : चारी सिलिंडरांतला दाब मोजला. आंकडे पुस्तकांतल्यापेक्षां बरेच कमी आले तेव्हां मुलीचा चेहरा उतरला. पण पुस्तकांतले आंकडे समुद्रसपाटीचे होते. मैलभर उंचीची वजावाट केल्यावर ते बरोबर उतरले, आणि मुख्य म्हणजे चारी एकमेकांना जुळते निघाले. त्यानंतर रेडिएटर, क्लच, मेंदू, इंजेक्टर आणि मापक बसविले. टर्बोशिवाय गाडी पांच महिने त्या नव्या मेंदूवर चालली. या अवधींत मुलगी मिश्रणाचे आंकडे वाचावयास शिकली, रेडिएटरची खात्री पटली, कामावर एक दिवसहि खाडा झाला नाहीं, आणि दरमहा नव्वद-शंभर डॉलर मागें पडत गेले. टर्बो फडक्यांत गुंडाळून फळीवर ठेवलेला होता. तो असा समोर असतांना त्याला हात न लावणें ही गोष्ट त्या यादींत लिहिलेली नव्हती. पण तिची किंमत मला सर्वांत अधिक वाटली.

कायद्याचीहि बाजू पाहणें प्राप्त होतें. डेन्व्हरच्या परिसरांत जुन्या गाडीच्या धुराची दर दोन वर्षांनीं तपासणी होते. म्हणून धूर शुद्ध करणारें उत्प्रेरक यंत्र काढून टाकण्याचा स्वस्त सल्ला आम्हीं प्रथमच बाजूला सारला. हें वाचून आपल्याकडील कोणा तरुणाच्या मनांत हौस उत्पन्न झाली असेल तर त्यानें एवढें ध्यानांत ठेवावें, कीं कारखान्यानें ठरविलेल्या रचनेंत फेरफार करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम आड येतें, आणि २०१९ च्या दुरुस्तीनें अशा प्रत्येक फेरफारास पांच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही सांगितलीं आहेत. येथें त्या हिशेबाला बसण्यापूर्वीं तो आंकडा पहिल्या ओळींत लिहावा लागेल.

आपल्या भाषेंत "उसनें अवसान" हा शब्द आपण थोड्या उपहासानें वापरतों. अंगीं नसलेलें धैर्य चेहऱ्यावर आणणाऱ्याला आपण तो लावतों. परंतु टर्बोच्या निमित्तानें सहा महिने विचार केल्यावर मला वाटूं लागलें आहे, कीं दोष उसनें घेण्यांत नाहीं. विद्या आपण गुरूकडून उसनी घेतों, भांडवल पेढीकडून घेतों, आणि कठीण प्रसंगीं धीर तर शेजाऱ्याकडूनहि घेतों. आलेलें बळ वागविण्याची तयारी आधीं झाली आहे कीं नाहीं, हाच प्रश्न असतो. हाडें तींच, रक्त तेंच, आणि श्वास मात्र दीडपट, अशी ही अवस्था आहे. ज्याचें पाणी थंड राहतें, ज्याचें तेल वेळेवर परततें आणि ज्याच्या मेंदूला हातीं किती आलें आहे याची अचूक मोजदाद असते, त्याला तें बळ लाभतें. इतरांना तें मोडून जातें. नोकरी गेल्यावर ठेवीला हात न लावणाऱ्या मुलीला हें मीं शिकविलें असें म्हणण्याचें धाडस मी करणार नाहीं. मीं फक्त पौंड आणि लिटर मोजून दिले.

आम्ही पुण्यास परत आल्यावर वसंत ऋतूंत टर्बो चढला, जुळणी झाली, धुराची तपासणीहि पार पडली. त्यानंतरच्या रविवारीं ती लव्हलँड पास या बारा हजार फुटांवरच्या खिंडींत गाडी घेऊन गेली, आणि संध्याकाळीं तिचा निरोप आला. सौ. नें आधीं वेग किती होता तें विचारावयास सांगितलें. तें विचारण्याची गरज नव्हती. निरोपांत एकच ओळ होती : सबंध घाट चढतांना पाण्याचा कांटा जागचा हलला नाहीं.